चूक सांगणारें यंत्र

जुन्या वस्तूंची गोडी ही पुष्कळ वेळां त्या वस्तूंची नसून आपल्या त्या वेळच्या वयाची असते, असें जाणते लोक म्हणतात. आजोबांचा अडकित्ता पाहून डोळे भरून येतात ते त्याच्या पोलादासाठीं खचित नव्हे. म्हणून साठी उलटलेला एखादा मनुष्य "आमच्या वेळचे संगणक कांहीं निराळेच होते" असें बोलूं लागला, म्हणजे ऐकणाऱ्यांनीं मनांतल्या मनांत थोडें हंसावें हें योग्यच आहे. माझ्या घरींही तसेंच झालें. गेल्या दिवाळीपूर्वीं माळा झाडतांना एका पत्र्याच्या डब्यांत टेपरेकॉर्डरची एक कॅसेट सांपडली. तिच्यावर माझ्याच हस्ताक्षरांत "अक्षरमाला, इ. ८ वी" असें लिहिलेलें होतें. नातीनें विचारलें, "आजोबा, यांत गाणीं आहेत का?" मी म्हणालों, "नाहीं ग, यांत ग, म, भ, न आहेत." परंतु लागलीच मला माझें वाक्य सुधारावें लागलें. आहेत असें म्हणणें खरें नव्हतें. तीं अक्षरें तेथें होतीं. तीं कशीं नाहींशीं झालीं हें सांगणें हा या लेखाचा खरा हेतु आहे. तथापि त्यासाठीं प्रथम तें यंत्र कसें होतें, हें वाचकांस सांगितलें पाहिजे.

भारत सरकारनें १९८४ सालीं शाळांतील मुलांस संगणकाचा परिचय करून देण्याची एक योजना हातीं घेतली. तिचें संक्षिप्त नांव 'क्लास' असें होतें. आरंभीं देशांतील २५० शाळा निवडण्यांत आल्या, आणि त्यांस 'बीबीसी मायक्रो' नांवाचीं यंत्रें देण्यांत आलीं. ब्रिटिश नभोवाणी-मंडळानें आपल्या देशांतील सामान्य जनांस संगणक शिकविण्याचा उपक्रम आरंभिला होता. त्यासाठीं केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीनें १९८१ च्या अखेरीस हें यंत्र बाजारांत आणलें. तें आमच्या तालुक्याच्या गांवीं, दोन मोठ्या खोक्यांतून, १९८५ च्या जून महिन्यांत येऊन पोंचलें.

मी तेव्हां पंचवीस वर्षांचा होतों. इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंत. त्यापुढें पाठशाळेंत काव्य आणि व्याकरण. असल्या मनुष्याकडे संगणक कसा आला, असें कोणासही वाटेल. विज्ञानाचे वृद्ध शिक्षक निवृत्तीस आलेले होते. त्यांनीं "या वयांत मला नवें खेळणें नको" म्हणून हात झटकले. तेव्हां मुख्याध्यापक मजकडे वळून म्हणाले, "तुम्ही व्याकरण शिकवतां. या यंत्रालाही म्हणे सगळे नियमच लागतात. तुम्हीच शिकून या." मी शिकून आलों, म्हणजे निदान भिण्याचें सोडून आलों.

यंत्र म्हणजे एक बदामी रंगाची पेटी. तिच्या माथ्यावरच कळफलक, आणि त्याच्या वरच्या रांगेंत तांबूस रंगाच्या दहा कळा. पडदा निराळा, टेपरेकॉर्डर निराळा. स्मृति ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ रोमन अक्षरें मावतील एवढी. त्यांतही पडदा रंगविण्यास लागणारी जागा त्याच स्मृतींतून जाई. अत्यंत सूक्ष्म चित्रांची पद्धति निवडली कीं २० किलोबाइट एकटा पडदाच खाऊन टाकी. आज माझ्या सदऱ्याच्या खिशांतील फोनची स्मृति ८ गिगाबाइट आहे. हिशेब केला तर ती त्या पेटीच्या २,६२,१४४ पट भरते. आणि तरीही फोन सुरू होण्यास मला चष्मा पुसून होईपर्यंत वाट पाहावी लागते, तर त्या पेटीचें बटण दाबतांच दोन स्वर उमटत, एक खालचा व एक वरचा, आणि यंत्र कामास तयार असे. पडद्यावर यंत्राचें नांव, त्याखालीं 'बेसिक' हें भाषेचें नांव, आणि त्याखालीं बाणाच्या टोंकासारखें एक चिन्ह व लुकलुकणारी एक रेघ. त्यापुढें काय करावयाचें हें सर्वस्वीं मनुष्यानें सांगावयाचें.

येथें 'ऑपरेटिंग सिस्टिम' म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मोठ्या घरांत एक कारभारी असतो. कोठीची किल्ली त्याच्यापाशीं, आल्यागेल्याची नोंद त्याच्यापाशीं, कोणतें काम आधीं व कोणतें मागून हें ठरविणाराही तोच. यंत्राच्या पोटांतील असा जो कारभारी तीच ऑपरेटिंग सिस्टिम. अगदीं आरंभींच्या संगणकांस असा कारभारी नसे. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक सुरू झाला. त्याचें हें नांव पंडित नेहरूंनीं १९६२ मध्यें ठेविलें. त्यांत २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि त्याच्या मुख्य स्मृतींत प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत. छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवरून त्यास काम सांगावें लागे, आणि पुष्कळसा कारभार माणसेंच पाहत. तिकडे अमेरिकेंत १९५६ सालीं जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांच्या लोकांनीं आय.बी.एम.च्या '७०४' या यंत्रासाठीं असा एक कार्यक्रम रचला कीं, एक काम संपतांच दुसरें काम यंत्रानें आपण होऊन हातीं घ्यावें. हाच कारभाऱ्यांच्या कुळांतला मूळपुरुष, असें सामान्यतः मानतात.

आमच्या पेटींतील कारभारी एका न पुसल्या जाणाऱ्या स्मृतींत, १६ किलोबाइटांच्या जागेंत, कायमचा वस्तीस होता. म्हणूनच त्यास उठावयास वेळ लागत नसे. त्याच्याशीं बोलण्याची रीतिही मोठी सुटसुटीत होती. आज्ञेच्या आरंभीं तारा काढला कीं ती आज्ञा कारभाऱ्याची. तारा नसला कीं ती बेसिक भाषेची. उदाहरणार्थ, 'तारा-कॅट' अशी आज्ञा दिली म्हणजे कारभारी कॅसेटवर कोणत्या नांवाचे कार्यक्रम ठेवलेले आहेत त्यांची यादी पडद्यावर मांडी. ही आज्ञा वाचकांनीं कृपा करून लक्षांत ठेवावी.

उद्घाटनाच्या दिवशीं यंत्रास हळद-कुंकू वाहिलें, नारळ फोडला, आणि मुख्याध्यापक म्हणाले, "आतां पाहुण्यांचें स्वागत यंत्राकडूनच होऊं द्या." मीं रोमन लिपींत 'नमस्ते' असा शब्द उमटविला व कळ दाबली. पडद्यावर तत्काळ एकच शब्द आला: 'मिस्टेक'. चूक! सभागृह हंसलें, मला घाम फुटला. पाहुण्यांनीं मात्र समजूतदारपणें विचारलें, "यंत्राला नमस्ते पसंत नाहीं काय?" वस्तुतः यंत्राचेंच बरोबर होतें. 'छाप' अशा अर्थाची आज्ञा आधीं देऊन मग अवतरणचिन्हांत तो शब्द लिहावयास हवा होता. मीं आज्ञा न देतांच नुसता शब्द उच्चारला. क्रियापदावांचून वाक्य करणाऱ्या विद्यार्थ्यास मी स्वतः जें म्हटलें असतें, तेंच यंत्र मला म्हणालें.

त्या दिवसापासून मला त्या यंत्राविषयीं एक प्रकारचा आदर वाटूं लागला. पुढें पुढें लक्षांत आलें कीं, तें नुसतें 'चूक' म्हणून थांबत नसे. कार्यक्रम चालूं असतां अडखळलें तर 'अमुक नांवाची राशि येथें नाहीं, ओळ ३०' असें स्पष्ट सांगे. काय चुकलें आणि कोठें चुकलें, या दोन्ही गोष्टी तें सांगे. आणि मुख्याध्यापकांस व आठवींतल्या पोरांस तें एकाच शब्दांत सांगे. परीक्षकाच्या अंगीं यापेक्षां अधिक कोणता गुण असावा?

आतां मुलांच्या उद्योगाकडे वळूं. यंत्रास इंग्रजी येई, मराठी येत नसे. आठवीच्या वर्गांतील आठ-दहा मुलांनीं पहिल्याच महिन्यांत विचारलें, "सर, यावर आपलीं अक्षरें कां येत नाहींत?" मीं पुस्तिका चाळली, तों त्यांत एक सोय सांपडली. आठ आडव्या व आठ उभ्या घरांची चौकट घेऊन, त्यांतील हवीं तीं घरें भरून, कोणतेंही नवें अक्षर आपणांस घडवितां येई. प्रत्येक आडव्या रांगेसाठीं एक संख्या द्यावयाची. डावीकडून घरांचीं मोलें १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. भरलेल्या घरांच्या मोलांची बेरीज ती त्या रांगेची संख्या. एकही घर भरलें नाहीं तर शून्य, आठही भरलीं तर २५५. एकूण प्रकार २५६.

हें वाचतांच मी खुर्चींत ताठ बसलों. पाठशाळेंत आम्हांस छंदःशास्त्रांतील प्रस्तार शिकविला होता. पिंगलाचार्यांच्या त्या रीतीनें आठ अक्षरांच्या चरणांत लघु-गुरूंच्या ज्या निरनिराळ्या मांडण्या होतात, त्यांची संख्या बरोबर २५६. शिवाय एखादी मांडणी प्रस्तारांत कितवी, हें काढण्याची जी 'उद्दिष्ट' नांवाची रीति केदारभट्टांच्या वृत्तरत्नाकरांत आहे, तींत अक्षरांवर १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे अंक मांडावयाचे, लघूंवरील अंकांची बेरीज करावयाची व तींत एक मिळवावयाचा. ज्या गणितास भिऊन विज्ञानशिक्षकांनीं हात झटकले, तें मला अनुष्टुभ् छंदाच्या एका चरणांत भेटलें. मुलांसही मीं तें तसेंच शिकविलें, आणि त्यांस तें एका तासांत समजलें.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. कारण आपल्या घरांतून यासंबंधीं बरीच अतिशयोक्ति कानीं पडते. संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा आहे असें अमेरिकेच्या अंतराळ-संस्थेनें ठरविलें, असें पुष्कळजण मोठ्या अभिमानानें सांगतात. याचें मूळ १९८५ सालच्या एका लेखांत आहे. रिक ब्रिग्ज नांवाच्या संशोधकानें 'एआय मॅगझिन'मध्यें असें दाखविलें कीं, आपल्या वैयाकरणांची वाक्यार्थ उकलण्याची पद्धति आणि संगणकांत ज्ञान मांडून ठेवण्याची एक आधुनिक पद्धति यांत साम्य आहे. साम्य दाखविणें निराळें आणि यंत्र संस्कृतांत चालविणें निराळें. पिंगलाचार्यांस संगणक ठाऊक होता असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. त्यांचा प्रस्तार मला ठाऊक होता म्हणून संगणक मला परका वाटला नाहीं, एवढेंच माझें म्हणणें आहे. आणि पूर्वजांचें एवढें ऋण मला पुरेसें आहे.

श्रीगणेशा म्हणून पहिलें अक्षर 'ग' घेतलें. वरची रांग म्हणजे शिरोरेघ. आठही घरें भरलेलीं, म्हणून २५५. पुढच्या चार रांगांत डावीकडे एक दांडा व उजवीकडे एक काना, म्हणून प्रत्येकी ३४. त्यापुढें गाठीच्या दोन रांगा ९८ च्या, आणि शेवटीं नुसत्या कान्याचें टोंक, म्हणून २. कळ दाबली आणि काळ्या पडद्यावर पांढरा 'ग' उमटला. चित्रकलेच्या शिक्षकांनीं त्यास नापास केलें असतें. परंतु मुलांनीं टाळ्या पिटल्या, आणि खरें सांगावयाचें तर माझेही डोळे पाणावले.

मग अडचणी सुरू झाल्या. यंत्रांत अशीं नवीं अक्षरें ठेवण्यास मोकळी जागा ३२ अक्षरांचीच होती, आणि आपली बाराखडीपूर्वींची वर्णमालाच घेतली तरी स्वर १२ व व्यंजनें ३६, मिळून ४८. (बत्तीस अक्षरें म्हणजे एक श्लोक, जुने लेखक पोथीची लांबी याच मापानें मोजत, हें मीं मुलांस सांगितलें, तेव्हां एकजण म्हणाला, "म्हणजे यंत्रानें आपल्याला एकच श्लोक दिला.") छापखान्यांतील जुळाऱ्याजवळ जसे सुटे खिळे असतात, तशी युक्ति मुलांनीं काढली. 'अ' एक ठेवावा आणि त्यास काना जोडून 'आ', त्यावर मात्रा देऊन 'ओ' करावा. मात्रेसाठीं चौकटींत वर जागा नव्हती, म्हणून ती पडद्याच्या वरच्या ओळींत व उकार खालच्या ओळींत. अशा रीतीनें मराठीची एक ओळ लिहावयास पडद्याच्या तीन ओळी लागत. पडद्यावर एकंदर ओळी ३२, तेव्हां दहा ओळींत पान संपे.

तरीही सगळीं व्यंजनें मावेनात. कोणतीं ठेवावीं व कोणतीं गाळावीं, यावर आठवडाभर वाद चालला. शेवटीं ठरलें कीं, गटांतील मुलांच्या नांवांत जीं अक्षरें येतात तीं आधीं घ्यावीं. हा निर्णय सर्वांस आवडला. केवळ एका मुलीच्या नांवांत 'ज्ञ' होता, आणि 'ज्ञ' दुसऱ्या कोणाच्याच नांवांत नव्हता. ती कांहीं बोलली नाहीं. पोस्टांतील एका कारकुनाची ती मुलगी. अबोल, परंतु गटांत तिच्याइतकें काम कोणीच करीत नसे. दुसऱ्या दिवशीं तिनें चौकटीच्या वहीचें एक पान मजपुढें ठेविलें. त्यावर पेन्सिलीनें आठ गुणिले आठ घरांत 'ज्ञ' काढलेला होता, बाजूस आठ संख्या लिहिलेल्या होत्या, आणि खालीं लिहिलें होतें, "ङ कोणाच्याच नांवांत नाहीं." मुलांनीं हट्टानें पूर्णतेसाठीं ठेवलेला 'ङ' गेला, आणि बत्तिसावें अक्षर म्हणून 'ज्ञ' आला.

हें सर्व काम एका कॅसेटवर सांठवलेलें असे. बटण बंद केलें कीं यंत्राच्या स्मृतींतलें सगळें पुसलें जाई. म्हणून रोज संध्याकाळीं सांठवावयाचें व रोज सकाळीं परत भरावयाचें. कॅसेटची व्यवस्था त्या मुलीकडे होती. एकदां तिनें मला विचारून ती घरीं नेली, कारण तिच्या मामांकडे दोन कॅसेटींचा रेकॉर्डर होता व एक प्रत करून ठेवावी असें तिच्या मनांत होतें. ती प्रत यंत्रानें वाचली नाहीं. ध्वनि क्षीण झाला असावा. तेव्हां मूळ तेवढी एकच राहिली.

१९८६ च्या फेब्रुवारींत शिक्षणाधिकारी शाळा पाहण्यास यावयाचे होते. आदल्या संध्याकाळीं मी एकटाच यंत्राशीं बसलों. राम शब्दाचीं सर्व रूपें रोमन लिपींत छापणारा एक लहानसा कार्यक्रम मीं रचला होता, आणि तो उद्यां दाखवावा असा मला मोह झाला होता. सांठविण्याची आज्ञा दिली; 'रेकॉर्ड दाबा, मग रिटर्न' अशा अर्थाची सूचना आली; मीं तसें केलें, आणि घरीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं, अधिकारी येण्यास अर्धा तास असतां, ती मुलगी मजकडे आली व हलक्या आवाजांत म्हणाली, "सर, अक्षरमाला येत नाहीं." मीं तिला सर्वांदेखत विचारलें, "ही फीत घरीं तूंच नेली होतीस ना?" ती म्हणाली, "हो, सर." "मग रेकॉर्डरशीं खेळ करून तूंच ती बिघडविलीस." ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग खालीं मान घालून म्हणाली, "माझी चूक झाली असेल, सर." अधिकाऱ्यांपुढें आम्हीं राम शब्द चालविला. त्यांनीं वाहवा केली. दुसऱ्या दिवसापासून मीं त्या मुलीस संगणकाच्या तासास येण्याची मनाई केली.

एप्रिलांत परीक्षा संपल्यावर मी यंत्रें आवरावयास बसलों. ती बिघडलेली कॅसेट हातीं आली. सहज कुतूहल म्हणून ती लावून मीं 'तारा-कॅट' आज्ञा दिली. फीत फिरूं लागली, आणि पडद्यावर पहिलेंच नांव उमटलें: 'रामा'. माझा कार्यक्रम. त्या संध्याकाळीं घाईंत मीं माझ्या कॅसेटऐवजीं मुलांची कॅसेट घातली होती, आणि अक्षरमालेच्या आरंभावरच राम शब्द चालविला होता. चूक कोणाची आणि कोणत्या जागीं, हें यंत्रानें मला दोन अक्षरांत सांगितलें.

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां त्या मुलीच्या वडिलांची बदली झालेली होती. नवा पत्ता कचेरींत होता. पोस्टकार्ड पंधरा पैशांस मिळत होतें. मीं तें लिहिलें नाहीं. "आतां लहानशा गोष्टीसाठीं काय लिहावयाचें," असें मीं मनाशीं म्हटलें. दुसऱ्या वर्षीं "आतां फार उशीर झाला" असें म्हटलें. कॅसेट, आणि 'ज्ञ' काढलेलें तें वहीचें पान, मीं एका डब्यांत घालून माळ्यावर ठेविलें.

पुढें यंत्रें बदललीं. १९९० च्या सुमारास शाळेंत 'डॉस'चीं यंत्रें आलीं. या कारभाऱ्याचा जन्मही मनोरंजक आहे. गॅरी किल्डॉल यांनीं १९७४ सालीं 'सीपी/एम' नांवाची प्रणाली लहान यंत्रांसाठीं रचली होती. तिच्या वळणावर टिम पॅटर्सन यांनीं १९८० मध्यें दुसरी एक प्रणाली लिहिली. ती मायक्रोसॉफ्टनें विकत घेतली, आणि १९८१ च्या ऑगस्टमध्यें आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती जगभर गेली. तिला नांव द्यावयाचें तें आठ अक्षरांत व पुढें तीन अक्षरांची शेपटी. चुकीची आज्ञा दिली तर 'आज्ञा किंवा फाइलचें नांव चुकलें' असें ती सांगे. तबकडी वाचतां आली नाहीं तर 'थांबवूं, पुन्हां पाहूं, कीं सोडून देऊं?' असें विचारी. आणि सर्व फायली पुसण्याची आज्ञा दिली तर आधीं 'तुमची खात्री आहे का?' असा प्रश्न करी. पहिल्यांदां तो प्रश्न पडद्यावर पाहिला तेव्हां मी बराच वेळ कळ न दाबतां बसून राहिलों. त्या कारभाऱ्यास घाव घालण्यापूर्वीं एकदां विचारण्याची रीति होती.

देवनागरीचा प्रश्नही जाणत्यांनीं सोडविला. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ झालेलें 'जिस्ट' नांवाचें तंत्र पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. तिची स्थापना १९८८ ची. त्याचें कार्ड डॉसच्या यंत्रांत बसविलें कीं देवनागरी सुरेख उमटे. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या संकेतांचें राष्ट्रीय मानक निघालें, आणि त्याच वर्षीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें. आज फोनवर 'ज्ञ' लिहावयास कोणाच्याही नांवांतला 'ङ' गाळावा लागत नाहीं. ही लहान गोष्ट नव्हे. जुनें तें सगळें सोनें असें म्हणणारांनीं हें विसरूं नये.

दिवाळीपूर्वीं तो डबा सांपडला, आणि पौषांत, योगायोग म्हणावा तर असा, ती मुलगी दारांत उभी राहिली. मुलगी कसली, पन्नाशी ओलांडलेली, एका बँकेंतील अधिकारी. कुलदैवताच्या दर्शनास आली होती. सर आहेत का म्हणून चौकशी करीत आली. चहा झाला. मीं डबा काढून तिच्यापुढें ठेविला व चाळीस वर्षें घशांत अडकलेलें वाक्य एकदाचें उच्चारलें: "ती फीत मीं पुसली होती."

ती शांतपणें म्हणाली, "मला माहीत आहे, सर. मी तुमच्याकडे येण्याआधीं तारा-कॅट दिलं होतं. 'रामा' तेव्हांच दिसलं."

"मग बोलली कां नाहींस?"

"सगळ्यांसमोर तुमचं नांव कसं घेणार? मला वाटलं, तुम्ही बाजूला घेऊन विचाराल, म्हणजे सांगतां येईल." मग थोड्या वेळानें, वहीचें तें पान हातांत घेऊन, ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीं, सर."

तिच्या आवाजांत राग नव्हता. असता तर मला सोपें गेलें असतें. तें पान मीं तिला देऊं केलें. तिनें त्याचा फोनवर फोटो घेतला आणि पान परत माझ्या हातीं दिलें. "हें तुमच्याकडेच असूं द्या," एवढेंच म्हणाली, आणि वांकून नमस्कार करून गेली. तो नमस्कार घेतांना मला संकोच वाटला, हें येथें लिहून ठेवतों.

हल्लींचीं यंत्रें फार सभ्य झालीं आहेत. अडखळलीं म्हणजे तीं 'क्षमस्व, कांहींतरी चुकलें' असें म्हणतात. काय चुकलें, कोठें चुकलें, कोणाचें चुकलें, हें पुष्कळदां सांगत नाहींत. तीं पाहून मला हंसूं येतें, कारण चाळीस वर्षें मीही त्याच पद्धतीनें बोलत होतों. त्या बदामी पेटीची आठवण मला येते ती तारुण्याची म्हणून येते, हें मी नाकारीत नाहीं. पण तिच्याजवळ एक सरळपणा होता. चूक झाली कीं ती चूक म्हणे, आणि ओळीचा आंकडा सांगे.

तेव्हां तिच्याच रीतीनें सांगावयाचें तर: चूक. फेब्रुवारी १९८६. शिक्षकाच्या हातून.